तत्काराला कंटाळतात, तीन महिन्यांत गळतात: अमळनेरच्या कथक शिक्षिकेला उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरच्या एका ताईंनी कथक विशारद पूर्ण करून दीड वर्षापूर्वी घरच्या हॉलमध्ये क्लास काढला. २२ मुली, वय ६ ते १४, सगळ्या एकाच बॅचला, आठवड्यातून दोन दिवस एकेक तास. मुली तीन-चार महिन्यांत सोडून जातात. तत्काराला, म्हणजे तालावर पावलं टाकण्याच्या कथकच्या मूळ सरावाला, कंटाळतात आणि रीलवरचं गाणं मागतात. आया 'स्टेजवर कधी?' म्हणून विचारतात. शिवाय हल्ली तीन-चार मुलींचे गुडघे आणि टाचा दुखायला लागल्या आहेत. शेवटी ताईंनी विचारलंय, "आजकालच्या मुलांत चिकाटीच नाही, मग फिल्मी डान्सही सुरू करू का?"

ताई, चिकाटी नाही हे निदान मला पटत नाही. तुमचीच एखादी मुलगी रीलमधली आठ सेकंदांची स्टेप जमेपर्यंत दुपारभर करत बसते की नाही बघा. रील करताना चुकलं कुठे ते तिला लगेच दिसतं आणि जमलं की लगेच कळतं. तत्कारात यातलं काहीच तिला कळत नाही. ती पाय आपटत राहते, तुम्ही समोरून 'लय सोडू नकोस' म्हणता, आणि तास संपतो. तुम्ही त्यांना नाच शिकवताय, पण चूक शोधून ती मोडायची कशी, म्हणजे रियाज करायचा कसा, हे त्यांना कुणीच शिकवलेलं नाही. पूर्वी गुरूच्या डोळ्यांसमोर रोज बसणं-उठणं असायचं, तिथे ते आपोआप व्हायचं. आठवड्यातल्या दोन तासांत ते आपोआप होत नाही.

हिशोबच करून बघा. दिवाळी, परीक्षा, एप्रिल-मेमधली लग्नं आणि मामाचं गाव वगळलं की वर्षाला जेमतेम ४० आठवडे हाती येतात. म्हणजे ८० तास. त्यातल्या एका तासात २२ मुली, तर प्रत्येकीच्या पायांकडे बघायला तुमच्याकडे पावणेतीन मिनिटंही नाहीत. एवढ्यात कुणाचीच लय बसत नाही, मोठ्या उस्तादांकडेही बसली नसती. याउलट एखादी मुलगी घरी रोज १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस बसली, तर वर्षाकाठी ५० तास वाढतात आणि तेही एकटीचे. क्लास टिकतो तो या ५० तासांवर.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. हॉल भाड्याचा असेल तर फरशी कायमची बसवता येणार नाही, उचलून ठेवता येईल अशीच करावी लागेल. मुली आसपासच्या खेड्यांतून एसटीने येत असतील तर तिसरा दिवस मागता येणार नाही. आणि पालकांनी मुलीला कशासाठी घातलंय (आवड, गॅदरिंग, की दहावीचे वाढीव गुण) यावर त्यांच्याशी कसं बोलायचं ते ठरतं. हे प्रवेशाच्या वेळीच विचारून वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तक्रार आली की तीच वही उपयोगी पडते.

पहिली दुरुस्ती बॅचची. सहा वर्षांची आणि तेरा वर्षांची मुलगी एका रांगेत उभी केली की धाकटीला दम लागतो आणि थोरलीला लाज वाटते. आठ वर्षांखालच्या वेगळ्या करा आणि त्यांचा वर्ग ४५ मिनिटांचाच ठेवा. त्यांना घुंगरू नाही, चौगुन (चौपट लय) नाही, तासभर उभं राहणं नाही. सोळा मात्रांच्या (ठोक्यांच्या) तीनतालाची टाळी-खाली (कुठे टाळी, कुठे हात मोकळा) हातावर, बोल तोंडात, आणि कहरवा या तालाच्या आठ मात्रांवर चालणं, थांबणं, वळणं. आपल्याकडे याला एक आयतं साधन आहे. भाद्रपदात भुलाबाई बसतात तेव्हा मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतातच. तीच गाणी घ्या आणि टिपरीचा ठोका कुठे पडतो ते आधी त्यांना शोधू द्या, मग त्याच ठोक्यावर पाय टाकायला लावा. मात्रा म्हणजे काय हे फळ्यावर समजावण्यापेक्षा हे लवकर कळतं, आणि घरी आजीही बरोबर म्हणू लागते.

मोठ्यांच्या बॅचमध्ये पहिले तीन महिने काय करायचं, ते जरा सविस्तर सांगते, कारण गळती तिथेच होते.

तत्कार 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' असा आपण सगळेच शिकवतो. पण मुलगी नेमकी कुठे अडखळते ते बघितलंत का? पहिल्या चार मात्रांना उजवा-डावा-उजवा-डावा, पुढच्या चारांना डावा-उजवा-डावा-उजवा. म्हणजे चौथ्या मात्रेला डावा पडला की पाचवीलाही डावाच, आणि आठवीला उजवा पडला की नवव्यालाही उजवाच. चालण्याची सवय असलेल्या पायाला हे पटत नाही. तो पाचव्या मात्रेला उजवा टाकतो आणि तिथून सगळं उलटं होतं. संथ लयीत मुलगी बघून बघून सावरते, दुगुनीत (दुप्पट लयीत) सावरायला वेळ नसतो, मग ती नुसता आवाज काढते. तुम्हाला लांबून लय बरोबर ऐकू येते आणि पाय मात्र चुकीचे चाललेले असतात.

यावर उपाय म्हणजे पूर्ण आवर्तन (सोळा मात्रांचा फेरा) न करता तेवढाच सांधा वेगळा काढायचा. मात्रा तीन ते सहा, एवढ्या चारच: उजवा, डावा, डावा, उजवा. 'थेई तत् आ थेई'. हेच दहा वेळा. मग सात ते दहा: डावा, उजवा, उजवा, डावा. पुन्हा दहा वेळा. नंतर सलग. पाच मिनिटांच्या आत मुलीला कळतं की आपण कुठे चुकत होतो आणि आता ते सुटलं. रीलमध्ये तिला जे मिळतं ते हेच. एकदा ही पद्धत कळली की पुढचा तुकडा अडला तरी ती स्वतःच 'ताई, इथला सांधा अडतोय' म्हणते.

पाय टाकण्याच्या चुका मोजक्याच आहेत. शाळेतल्या कवायतीची सवय म्हणून गुडघा पुढे उचलला जातो. पाय मागच्या बाजूने आणि जमिनीपासून तीन-चार बोटंच वर उचलायचा, पूर्ण तळवा एकदम सपाट पडला पाहिजे. काही जणी आवाज यावा म्हणून टाच आपटतात. त्यांचा आवाज 'ठक' असा कोरडा येतो, तळव्याचा भरीव येतो. डोळे मिटून ऐकलं तरी ओळखू येईल. तिसरी चूक गुडघे मागे ताठ लॉक करण्याची. गुडघा किंचित सैल हवा, वाकलेला नको. वरचं अंग उसळत असेल तर डोक्यावर वही ठेवून बराबरीचा (मात्रेला एक पाऊल) तत्कार करायला लावा. वही पडली म्हणजे दचका पायात न जिरता वर जातोय.

दुसऱ्या महिन्यात तिहाई द्या, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. मुलांना तिहाई का आवडते, तर ती गणितासारखी सुटते. पाच मात्रांचा बोल घ्या, 'ता थेई थेई तत् ता'. समेपासून सुरू करा, बोल पाच मात्रा, एक मात्रा थांबा, पुन्हा पाच, पुन्हा एक थांबा, पुन्हा पाच. ५ + १ + ५ + १ + ५ म्हणजे १७, आणि सतरावी मात्रा म्हणजेच पुढची सम. हे आधी पाटीवर लिहून त्यांनाच बेरीज करू द्या. मग पढंत (बोल तालात तोंडाने म्हणणं), मग पाय. चूक ठरलेली आहे: थांबायची मात्रा गिळली जाते आणि तिहाई दोन मात्रा आधी, पंधराव्यावर येऊन पडते. त्या दोन जागी सुरुवातीला मोठ्याने 'चूप' म्हणायला लावा, नंतर मनात. ज्या दिवशी अख्खी रांग एकदम समेवर येते, त्या दिवशी कंटाळ्याचा विषय निघत नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी हॉलमध्येच आयांना बोलवा. स्टेज नको, पोशाख नको, नुसता सलवार-कुर्ता आणि ओढणी. तालाची पढंत, तत्कार बराबर आणि दुगुन, एक छोटी वंदना, एक तिहाई. सगळं मिळून सहा-सात मिनिटांत होतं. पण एक गोष्ट करा: तिहाई दाखवण्याआधी एखाद्या मुलीकडून ती बेरीज आयांना समजावून घ्या. समेवर टाळी कुठे द्यायची हे कळलेला प्रेक्षक 'स्टेजवर कधी' हा प्रश्न निराळ्या सुरात विचारतो.

आता घरचा रियाज. 'रोज रियाज करा' एवढं सांगितलं की कुणी करत नाही, कारण काय करायचं तेच माहीत नसतं. पुठ्ठ्याचं एक कार्ड द्या आणि त्यावर १५ मिनिटांची वाटणी लिहा. तीन मिनिटं हातावर ताल धरून पढंत. पाच मिनिटं तत्कार, घुंगरांशिवाय, हलक्या पायाने. चार मिनिटं हस्तक (हातांच्या हालचाली), आरशाकडे पाठ करून, कारण आरसा समोर असला की मुली स्वतःकडे बघतात आणि हात विसरतात. उरलेली तीन मिनिटं त्या आठवड्यात जो सांधा अडला तेवढाच. कार्डाच्या मागे रोज एक ओळ लिहायची, 'आज कुठे अडलं'. 'छान झालं' असं लिहिलेली ओळ परत करायची.

त्यावर तुमची नजर राहावी म्हणून दर शनिवारी व्हॉट्सअपवर आवाजाचा संदेश मागवा. व्हिडिओ मुद्दाम नको. तोंडाने पढंत आणि पायाने तत्कार, दोन आवर्तनं. मिनिटाला ६० मात्रांची लय धरली तर ३२ मात्रा म्हणजे ३२ सेकंद. २२ मुलींचे ऐकायला तुम्हाला १२ मिनिटं लागतील, स्वयंपाक करता करताही होईल. व्हिडिओ मागितला की आई वेणी घालते, कपडे बदलते, मागचा पसारा आवरते, अर्धा तास जातो आणि तिसऱ्या आठवड्यात ते बंद पडतं. आवाजात लपवायला काही नसतं. लय पळाली की लगेच ऐकू येतं. उत्तर मात्र प्रत्येकीला एका वाक्यात द्या, नेमकं: 'दुसऱ्या आवर्तनात नवव्या मात्रेला पळालीस'. 'गुड' असं लिहू नका, पुढच्या वेळी संदेशच येणार नाही.

लेहरा (तालाचं आवर्तन धरून पुन्हा पुन्हा वाजणारी धून) मोबाइलवर लावत असाल तर एक लक्षात ठेवा. फोनच्या छोट्या स्पीकरमधून तबल्याचा बायाँ (डाव्या हाताचा, खर्जाचा भाग) जवळजवळ ऐकूच येत नाही आणि मुली फक्त हार्मोनियमची धून धरतात. धून पाठ झाली की त्या ताल ऐकणं सोडून देतात. साधा ब्लूटूथ स्पीकर जमिनीवर ठेवा. महिन्यातून एकदा तरी तबल्यावर कुणाला बोलवा. भजनी मंडळात तीनताल स्वच्छ वाजवणारा माणूस जवळपास मिळतो; त्याला फक्त ठेका वाजवायला सांगायचं, लग्गी (जलद बोलांची सजावट) नको.

गुडघे आणि टाचा. हा भाग हलक्यात घेऊ नका.

मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत चौगुन केली तर एका मिनिटात २४० पदाघात होतात, पाच मिनिटांत १,२००. सिमेंटच्या कोब्यावर चिकटवलेली व्हिट्रिफाइड टाइल असेल तर त्यातला प्रत्येक धक्का नडगी, गुडघा आणि टाचेत जिरतो, कारण फरशी तसूभरही दबत नाही. मोठ्यांना हे काही वर्षांनी जाणवतं, वाढत्या वयात काही महिन्यांत. मुलींची उंची साधारण १० ते १२ या वयात झपाट्याने वाढते, मुलांची दोनेक वर्षं उशिरा. त्या काळात हाडं आधी लांब होतात, पोटरीचे आणि मांडीचे स्नायू मागे राहून ताणलेले असतात. मग गुडघ्याच्या वाटीच्या खाली, जिथे शीर (कंडरा) नडगीच्या हाडाला चिकटते तिथे दुखतं, कधी टेंगूळही दिसतं. आठ ते चौदा वयात असंच टाचेच्या मागच्या बाजूला होतं. याच वयात कालपर्यंत सुरेख चक्कर (गिरकी) घेणारी मुलगी एकाएकी तोल सोडायला लागते. ती आळशी झालेली नसते. पायांची लांबी बदललेली असते, आणि अंगाला नवा तोल शिकायला दोन-तीन महिने लागतात. अशा वेळी रागावलं की मुलगी गेलीच म्हणून समजा.

हॉलच्या भिंतीवर पेन्सिलने सगळ्यांच्या उंचीच्या खुणा करा, दर तीन महिन्यांनी. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा जास्त वाढलेली दिसली की त्या मुलीचा तत्कार निम्मा करा, चक्कर पाच-सहावर आणा आणि तो वेळ पढंत, हस्तक, अभिनयाला द्या. पोटरी आणि मांडीचा ताण तास संपल्यावर, अंग गरम असताना, प्रत्येकी ३० सेकंद, दोनदा. तासाच्या सुरुवातीला मात्र थंड अंगाने ताणू नका. आधी पाच मिनिटं चालणं, हलकं धावणं, घोटे फिरवणं. एरवीही दहा वर्षांखाली सलग तत्कार पाच मिनिटांच्या वर नेऊ नका, आणि तासात सगळा मिळून १५ मिनिटं पुरे. मिनिटाला ८० मात्रांवर दुगुन न डगमगता येईपर्यंत मी चौगुन देत नाही.

दुखतं का, हे विचारायचीही पद्धत आहे. शुद्ध मराठीत 'कुणाला काही त्रास?' म्हटलं की सगळ्या 'नाही' म्हणतात. अहिराणीत 'कोठे दुखस वं?' असं जवळ बसून विचारलं की बोटाने जागा दाखवतात. आणि ते बोट फार महत्त्वाचं आहे. पूर्ण हात फिरवून 'इथे सगळीकडे' म्हणाली तर बहुधा स्नायूंचा शीण, दोन दिवस विश्रांतीने जातो. एकाच बोटाने हाडावर नेमकी जागा दाखवली, सूज असली, लंगडत असली, किंवा रात्री झोपेतून दुखण्याने उठत असली, तर नाच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. बाम लावून, पट्टी बांधून उभं करू नका.

फरशीवर उपाय फार महागडा नाही. ८ बाय ४ फुटांच्या, १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या चार शीट घ्या. खाली २ बाय १ इंचाच्या लाकडी पट्ट्या साधारण फूटभर अंतराने आडव्या टाका, आणि प्रत्येक पट्टीखाली जागोजाग जाड रबराचे तुकडे चिकटवा. स्क्रूची डोकी लाकडात बुडवून घ्या, सांध्यांवर टेप मारा. चार शीट म्हणजे १२८ चौरस फूट. तत्काराला दहा-बारा मुली मावतात, बाकीच्या तेवढ्यात बसून पढंत करतील. भाड्याची जागा असली तरी हे उचलून भिंतीला टेकवता येतं. पावसाळ्यात खालून ओल आणि वाळवी बघत राहा. रंगीत फोमच्या जोडायच्या चटया अजिबात नकोत. त्या इतक्या मऊ असतात की चकरीला पाऊल रुतून राहतं, शरीर फिरतं आणि घोटा-गुडघा पिळवटतो. टाइलवर सतरंजी त्याहून वाईट, ती सरकते.

घुंगरू पहिले सहा महिने नकोतच. नंतर एका पायाला २५, दहा वर्षांपुढे ५०, शंभरी त्यानंतर अंगाची ताकद बघून. दोरीत ओवलेलेच घ्या, आणि खाली सुती पट्टी गुंडाळून घोट्याच्या वर बांधा. लवकर बांधले तर चूक झाकली जाते. २२ मुलींच्या घुंगरांच्या गदारोळात कुणाचा पाय चुकतोय ते तुम्हालाही ऐकू येणार नाही.

आपल्या भागात उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो आणि स्लॅब रात्री आठपर्यंत ऊब सोडत असतो. त्या दिवसांत वर्ग सकाळी साडेसहाला भरवा, आठच्या आत मुली घरी. कूलर लावायचा तर खिडक्या उघड्या ठेवा. बंद खोलीत कूलरने दमटपणा वाढतो, घाम वाळत नाही आणि टाइलवर ओलसर थर येऊन पाय घसरतात. दर वीस मिनिटांनी पाणी, आणि तासानंतर ताक किंवा लिंबू-साखर-मीठ. वर्गाच्या अर्धा-पाऊण तास आधी एक केळं खाऊन यायला सांगा. केळ्यांच्या जिल्ह्यात मुली उपाशीपोटी क्लासला येतात आणि चकरीत घेरी आली म्हणतात, हे अजब वाटतं खरं. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमाला दुपारी चारला लोखंडी किंवा सिमेंटचा मंच असेल तर आधी आपला तळहात दहा सेकंद टेकवून बघा. तळहाताला सोसवत नसेल तर अनवाणी पायाला कसं सोसेल? अशा वेळी आयोजकांना वेळ बदलायला सांगा, संकोच नको.

रीलबद्दल. बंदी घालून काही होत नाही, पण रील मुलींच्या अंगाला काय सवय लावते ते माहीत असावं. सेल्फी कॅमेऱ्यात डावं-उजवं आरशासारखं उलटं दिसतं. मुली त्यावरून बसवतात आणि वर्गात येऊन उलट्या हाताने सुरुवात करतात. दुसरं म्हणजे मोबाइलच्या उभ्या चौकटीत बहुतेक वेळा कमरेवरचंच अंग येतं. त्यामुळे चेहरा आणि हात तयार होतात आणि पाय मागे पडतात. हाच मोबाइल उलटा वापरा. तो जमिनीवर विटेला टेकवून, चार पावलांवरून, मागच्या कॅमेऱ्याने फक्त गुडघ्याखालचे पाय चित्रित करा. वीस सेकंद, आणि लगेच मुलीला दाखवा. चेहरा नाही, त्यामुळे लाज नाही. पाचव्या मात्रेचा तो गडबडलेला पाय तिला स्वतःला दिसतो. असे व्हिडिओ क्लासच्या पानावर टाकायचे असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या, मुलीचं नाव आणि शाळेचा गणवेश दिसू देऊ नका.

मग फिल्मी गाणं घ्यावं का? घ्यायला हरकत नाही, पण वेगळा वर्ग काढू नका. दोन वर्ग काढलेत की कथकचा रिकामा होईल, कारण तिकडे पहिल्याच दिवशी गाणं मिळतं. वर्षातून एक, गॅदरिंगच्या हंगामात, डिसेंबरच्या सुमाराला. गाणं सहा किंवा आठ मात्रांच्या ठेक्याचं निवडा, आणि ते बसवायच्या आधी मुलींनी त्याची मात्रा मोजून, टाळी धरून, ताल ओळखून दाखवायचा, अशी अट घाला. त्यात त्यांना येणारी एक तिहाई आणि एक चक्कर बसवा. बसवायला तीन आठवडे, त्याहून जास्त नाही. या काळात घरचं कार्ड तसंच चालू राहील. गाण्यावरून भांडण बहुधा त्यातल्या शब्दांवरून होतं. सहावीतल्या मुलीने कोणत्या ओळींवर कोणते भाव दाखवायचे याचा निर्णय तुमचा. तो पालकांवर ढकलू नका.

नंदुरबार-शहाद्याकडून किंवा सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेली मुलं तुमच्याकडे कधी आली तर एक सांगून ठेवते. होळीला ढोलावर फेर धरून नाचायची सवय असलेल्या मुलांचा ठेका बऱ्याचदा पक्का असतो. अडतं ते समोर बघून एकट्याने नाचताना आणि मोठ्याने मात्रा मोजताना, कारण फेरात शेजाऱ्याकडे बघून पाय पडतो. त्यांना आधी गोलात तत्कार द्या, मग गोल हळूहळू उघडत रांग करा. 'हे काही शास्त्रीय नाही' असा शेरा त्यांच्या नाचावर मारू नका. मुलगे आले तर त्यांनाही तेच सगळं द्या, फक्त एकटा मुलगा बॅचमध्ये ठेवू नका, दुसरा शोधा.

परीक्षांचं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळू शकतात. म्हणून आठवीत एकदम पालक येतात आणि 'दहावीपर्यंत किती होतील?' असं विचारतात. शाळेतून त्या वर्षाचं परिपत्रक आणायला सांगा आणि त्यावरून उलटा हिशोब त्यांच्यासमोरच मांडा. तत्काराची दुगुन डगमगत असताना परीक्षेला बसवलं तर मुलगी पाठांतरावर पास होईल, पण पुढच्या परीक्षेला बोल वाढतात, लयी वाढतात आणि तिथे अडकते. मी तरी फॉर्म भरायच्या दोन महिने आधी पूर्ण अभ्यासक्रम एकदा करून घेते. अडखळली तर पुढचं सत्र.

आठवी-नववीला शिकवणीच्या वेळा आड येतात. मुलगी 'दहावी झाली की येईन' म्हणते आणि परत येत नाही. तिला पूर्ण सोडू देऊ नका. परीक्षांच्या काळात रविवारी अर्धा तास आणि निम्मी फी, एवढं सांगा. त्यात तत्कार आणि एकच जुनी रचना. याच वयात पाळी सुरू झालेली असते. एखादी 'आज चक्कर नको' म्हणाली तर कारण विचारू नका, बसून पढंत करू द्या. आणि वजनावरून एक शब्दही नको, थट्टेतही.

हात लावून दुरुस्त करायची आपली जुनी पद्धत आहे, पण आता आधी विचारा: 'खांदा धरून दाखवू का?' नाही म्हणाली तर स्वतःच्या अंगावर दाखवा. दार उघडं ठेवा, एकट्या मुलीला बंद खोलीत शिकवू नका, आणि महिन्यातला एक तास पालकांना बसायला खुला ठेवा. यात तुमचाही बचाव आहे.

सगळं एकदम करायला जाऊ नका. येत्या आठवड्यात दोनच गोष्टी: आठखालच्या मुली वेगळ्या करा, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचा तत्कार आजपासून बंद करून त्यांना पढंतीला बसवा. कार्ड त्यापुढच्या आठवड्यात. प्लायवूडचं मोजमाप करायला सुताराला बोलवाल तेव्हा हॉलचं दार आत उघडतं की बाहेर ते आधी बघून घ्या. आत उघडत असेल तर पट्ट्या आणि रबर धरून फरशी दोन-सव्वादोन इंच वर येते आणि दार अडतं.